मोठा रोच पकडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सिंगापुरात रोच नावाचा मासा सापडत नाही. हे मला रोच पकडण्याच्या जय्यत तयारीच्या बाराव्या दिवशी कळलं.

तोवर एक कोरा करकरीत गळ, श्रीखंडाच्या डब्यात कोंबलेल्या अळ्या, पाव किलो भिजवलेला साबुदाणा आणि सबंध ब्लॉकभर, म्हणजे आमच्या इमारतभर, पसरलेली बदनामी एवढा ऐवज माझ्याकडे जमला होता.

या सगळ्याचं कारण म्हणजे माझे सासरे. अण्णा कराडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. माझ्याशी बोलायचे ते सरकारी पत्रासारखं : मोजकं, आणि उत्तराची घाई नसलेलं. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत त्यांनी मला विचारलेला एकमेव व्यक्तिगत प्रश्न म्हणजे, ‘चहा की कॉफी?’ मी ‘काहीही चालेल’ म्हणालो होतो. ज्याला काहीही चालतं असा माणूस अण्णांना चालत नाही, हे मला उशिरा कळलं.

तर असे अण्णा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापुरात हौगांगला आले. आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. मी बँकेत, माझी बायको मेधा तिच्या ऑफिसात, आणि अण्णा दिवसभर बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून खालच्या बसेस बघत. पाचव्या दिवशी जेवताना ते म्हणाले, “मेधा, माझं परतीचं तिकीट अलीकडे घेता येतंय का बघ.”

मेधाचा घास हातातच राहिला. आई गेल्यापासून अण्णांना इकडे आणायचं म्हणून ती तीन वर्षं त्यांच्या मागे लागली होती. तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अण्णा, असं कसं? आपल्याला मासे पकडायला जायचंय ना!”

अण्णांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पूर्ण चेहरा वळवून पाहिलं. “तुम्ही मासे पकडता?”

“हो तर!” (मी त्याआधी आयुष्यात मासा पकडला होता तो फक्त काट्याचमच्याने. तोही एकदा निसटला होता.)

“मोठे?”

“मोठेच. छोटे मी सोडून देतो.”

“मग बघू,” अण्णा म्हणाले. तिकिटाचा विषय तेवढ्यापुरता मिटला. कराडला कृष्णाकाठी उभी हयात गळ टाकून बसलेल्या माणसाला मी हे सांगितलं होतं. रात्री मेधा म्हणाली, “अरे, तुला पोहायलाही येत नाही!” (ती मला अण्णांसमोर ‘अहो’ म्हणते आणि खरं बोलायचं असलं की ‘अरे’.)

दुसऱ्या दिवशी मी थेट वाचनालय गाठलं. मासेमारीवरची सगळी पुस्तकं कोणीतरी नेलेली. उरलं होतं एकच : कोणा जुन्या इंग्रज साहेबाने लिहिलेलं, मोठे रोच कसे पकडावेत यावर. पहिल्याच पानावर टोपी घातलेला साहेब आणि त्याच्या हातात लाल परांचा, चांदीसारखा मासा. मी म्हटलं, मासा तो मासा! इंग्लंडचा काय, हौगांगचा काय!

बँकेच्या परीक्षेला केला नसेल एवढा अभ्यास मी त्या पुस्तकाचा केला. साहेबाचं म्हणणं असं, की छोटा रोच कशालाही भुलतो, मोठा मात्र लाजाळू आणि संशयी असतो (थोडक्यात, सासऱ्यासारखा). त्याला पाव आवडतो, अळ्या आवडतात आणि सगळ्यात जास्त आवडतं उकडलेलं हेम्प नावाचं बी. आमिष थोडं थोडं पण सारखं टाकत राहावं. मोठा मासा गळाला लागला की घाबरू नये, त्याची पहिली धाव त्याला धावू द्यावी.

आमच्या ब्लॉकखाली किराणा दुकान होतं आणि तिथल्या आंटीकडे सुईपासून सुक्या बोंबलापर्यंत सगळं मिळायचं. मी आत शिरून आत्मविश्वासाने विचारलं, “आंटी, रोचसाठी चांगलं आमिष कुठलं?”

“रोच आह?” आंटीने विचारलं. “खूप झालेत का घरात?”

मला तिचं इंग्रजी जरा तुटक वाटलं. “नाही, अजून एकही नाही. पण यावेत अशी इच्छा आहे. छोटे नकोत. मोठेच हवेत.”

आंटीने मागच्या फळीवरून एक खोकं काढून दिलं. त्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत ‘रोच बेट’, म्हणजे रोचचं आमिष, असं छापलेलं. मी धन्य झालो! घरी येऊन ते खोकं अण्णांसमोर ठेवलं. अण्णांनी चष्मा लावला. किमतीची चिठ्ठी नखाने हळूहळू खरवडली. चिठ्ठीखालच्या चित्रात एक झुरळ पाय वर करून पडलेलं होतं.

“जावईबापू,” अण्णा म्हणाले, “हे झुरळांचं औषध आहे.”

“हो, म्हणजे... ते घरासाठी आणलंय!”

“घरात झुरळं आहेत?”

“कोण म्हणालं माझ्या घरात झुरळं आहेत?” स्वयंपाकघरातून मेधाचा आवाज आला.

आंटीने चुकीचं खोकं दिलं म्हणून मी तणतणत पुन्हा खाली गेलो. दुकानात आता चार गिऱ्हाईकं होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं स्पष्ट सांगितलं, “आंटी, मला रोच मारायचे नाहीत! जिवंत पकडायचेत. मग माझी बायको ते तळेल आणि आम्ही सगळे खाऊ. माझे सासरे भारतातून मुद्दाम त्यासाठी आलेत.”

एका बाईने हातातली अंडी परत ठेवली.

“आणि हेम्पचं बी असलं तर अर्धा किलो द्या,” मी पुढे म्हणालो.

आंटी गल्ल्यामागून उठलीच. “यू मॅड आह? धिस इज सिंगापोर!” आणि तिने मला अक्षरशः हाताने ढकलून बाहेर काढलं. घरी येऊन मी शब्दकोश उघडला. हेम्प म्हणजे भांगेचं झाड. मी शब्दकोश मिटला, पाणी प्यालो आणि हेम्पऐवजी साबुदाणा वापरायचं ठरवलं. आकार साधारण तोच, आणि त्यासाठी कोणी तुरुंगात टाकत नाही.

अळ्या मात्र सहज मिळाल्या. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना खायला घालतात तसल्या पिवळट, वळवळणाऱ्या. साहेबाच्या मते अळ्या थंड जागी ठेवाव्यात. आमच्याकडे थंड जागा एकच. मी श्रीखंडाचा रिकामा डबा धुतला, त्यात कोंडा घातला, वर अळ्या घातल्या, झाकण लावलं आणि डबा फ्रिजमध्ये अगदी मागे सरकवला. मेधाला शनिवारी सांगायचं ठरवलं. (शनिवार यायला पाच दिवस होते. एवढ्या दिवसांत धीर गोळा होईल असा माझा अंदाज होता.)

त्या आठवड्यात लिफ्टमध्ये एक चमत्कारिक गोष्ट घडायला लागली. मी आत शिरलो की लोक बाहेर पडायचे. समोरची बाई दाराच्या फटीला टॉवेल लावून ठेवू लागली. मला वाटलं, काही साथबिथ आली असेल.

गुरुवारी मेधाचा बँकेत फोन आला. “अरे, ताबडतोब घरी ये.”

“अण्णा बरे आहेत ना?”

“अण्णा मजेत आहेत. तू ये, मग तुझं बघू.”

धावतपळत सहाव्या मजल्यावर पोचलो तर आमचं स्वयंपाकघर कॉरिडॉरमध्ये आलेलं! डबे, कुकर, पोळपाट, गव्हाच्या पिठाची गोणी, सगळं ओळीने मांडलेलं. शेजारीपाजारी सुरक्षित अंतरावर उभे. त्यांनीच ऑफिसातून बोलावून घेतलेली मेधा दारात. आणि आत जमिनीवर मांडी घालून अण्णा, त्यांच्या शेजारी सातव्या मजल्यावरचे अंकल टेओ, दोघांच्या मध्ये माझा श्रीखंडाचा डबा.

झालं होतं असं : इंग्रजीत झुरळालाही रोचच म्हणतात, आणि आंटीने सगळ्या ब्लॉकला सांगितलं होतं, की सहाव्या मजल्यावरचा इंडियन माणूस झुरळं पाळतो. मोठी झुरळं. बायको ती तळते. अंकल टेओ निवृत्त लॉरी ड्रायव्हर, मनाने फार चांगले. पोलिसात कळवण्यापेक्षा आपणच मदत करू म्हणून ते फवारणीचा पंप पाठीला लावून आमच्याकडे आले. अण्णांना त्यांचं इंग्रजी कळेना, त्यांना अण्णांचं. पण पंपावरचं झुरळाचं चित्र अण्णांनी ओळखलं. औषधाचं खोकं त्यांनी पाहिलेलंच होतं. ते म्हणाले, “येस, येस, कम सर!” मग दोघांनी मिळून स्वयंपाकघर रिकामं केलं. झुरळ सापडलं नाही. शेवटी फ्रिज उघडला. जरा दमलो, श्रीखंड खाऊ, म्हणून अण्णांनी पाहुण्यासाठी डबा काढला आणि चमचा घातला.

श्रीखंड हललं!

इतर कोणीही किंचाळलं असतं. पण या दोघांनी एकाच वेळी डब्यात बोट घातलं, एकेक अळी उचलली, उजेडात धरली आणि एकमेकांकडे बघून हसले. अंकल टेओंनी हवेत गळ फेकल्यासारखा हात केला. अण्णांनी मान डोलावली. अंकल टेओ चाळीस वर्षं मासे पकडत होते!

मेधाने ते साहेबाचं पुस्तक अंकलच्या हातात दिलं. त्यांनी चार पानं उलटली आणि असे हसत सुटले, की पाठीवरचा पंप गळायला लागला. “धिस रोच, इंग्लंड फिश लाह! सिंगापोर नो हॅव! सिंगापोर रोच, ओन्ली किचन हॅव!”

कॉरिडॉरमधून हशा आला. मेधा हसली नाही. “माझ्या फ्रिजमध्ये,” ती म्हणाली. “श्रीखंडाच्या डब्यात.” ती एवढंच म्हणाली, पण तीनदा. मी अण्णांकडे पाहिलं. आता ते तिकीट मागणार, याची मला खात्री होती.

“जावईबापू,” अण्णा म्हणाले, “तुम्ही कधी मासा पकडलाय?”

“नाही अण्णा.”

“वाटलंच. रविवारी जाऊ. हे गृहस्थ नेतायत.”

रविवारी चांगीच्या धक्क्यावरून बमबोटीत बसून आम्ही पुलाउ उबीन या बेटावर गेलो. बमबोट म्हणजे लाकडी मोटारबोट. कडेने धक्क्यावर आपटू नये म्हणून जुने टायर लटकवलेले, आणि बारा उतारू जमले की सुटणार. उबीनच्या धक्क्यावर अंकलनी जिवंत कोळंबी काढली. अण्णांनी फडक्यातून कणकेचा गोळा काढला. त्यात हिंग, थोडं सुकट आणि गुळाचा खडा मळलेला.

“लहान मासा टोचतो आणि पळतो,” अण्णांनी मला समजावलं. “गोळा मोठा आणि घट्ट ठेवला की तो त्याच्या तोंडात मावत नाही. मग मोठ्याला सवड मिळते.” नऊ वर्षांत ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते! अर्ध्या तासात त्यांनी वीतभर लांबीची बोय नावाची मासळी काढली. अंकलनी कणकेचा वास घेतला, डोळे पुसले आणि स्वतःची कोळंबी बाजूला ठेवून अण्णांपुढे हात पसरला.

मी साहेबाशी एकनिष्ठ राहिलो. साबुदाणा थोडा थोडा पण सारखा टाकत होतो. करंगळीएवढ्या माशांची पंगत बसली होती, पण गळाला कोणी शिवेना. म्हणून मी जरा लांब फेकायचं ठरवलं. सगळा जोर लावून गळ भिरकावला आणि डोळे उघडले.

ओढ लागली. ही ओढ! रीळ किंचाळत फिरायला लागलं. “अण्णा! लागला! मोठा आहे!”

“कट! कट लाह!” अंकल ओरडत होते. पण पहिली धाव धावू द्यायची, हे मला पाठ होतं. मी काठी पोटाशी धरून धक्क्यावरून पळत सुटलो. सायकलवाले पर्यटक बाजूला झाले, टाळ्या वाजवायला लागले. “काय जोर आहे, अण्णा! थेट चांगीकडे चाललाय!”

अण्णा माझ्यामागे चालत आले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी दोरी कुठे जाते ते नीट पाहिलं.

“जावईबापू,” ते शांतपणे म्हणाले, “सोडा त्याला. त्यात बारा माणसं आहेत.”

माझा गळ नुकत्याच सुटलेल्या बमबोटीच्या टायरमध्ये रुतला होता! बोटीतले लोक माझ्याकडे बघून हात हलवत होते. अंकलनी चाकूने दोरी कापली आणि मी मागच्या मागे साबुदाण्यात बसलो. अण्णा आधी खोकल्यासारखे हसले, मग गुडघे धरून हसले, मग धक्क्यावर बसूनच हसले. घरी ही गोष्ट सांगताना ते पुन्हा तसेच हसले तेव्हा मेधा म्हणाली, आई गेल्यापासून हे पहिल्यांदा.

तिकीट अलीकडे घ्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट ते तीन आठवडे पुढे ढकलावं लागलं. दर रविवारी अण्णा आणि अंकल टेओ उबीनला जात. मला नेत नसत. धक्क्यावर आता शांतता लागते म्हणाले.

कराडला आता मी बँकेत काय करतो, हे कोणी विचारत नाही. सगळे मला ‘होडीवाले जावई’ म्हणून ओळखतात. सुरुवातीला मी खुलासा करायचो, की ती होडी चुकून लागली होती. गेल्या दिवाळीत अण्णांच्या एका मित्राने विचारलं, “केवढी हो होती?” मी दोन्ही हात पसरले, जरा विचार केला, आणि आणखी थोडे पसरले.