कुजबुजता न येणारा बाप

गेल्या रविवारी लालबागच्या आमच्या खोलीत एक नवल झालं. आमची छकुली झोपली... आणि तीही कुणामुळे, तर जो माणूस तिची झोपमोड करतो म्हणून अख्खी चाळ बोटं मोडत होती, त्याच्यामुळे!

तो माणूस म्हणजे आमचे हे. गिरणीत मागावर असतात. तिथल्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही, त्यामुळे घरी आले तरी "पाणी दे" असं म्हणतात की खालच्या मजल्यावरची बाई उठून माठाकडे जाईल. आणि ह्यांना मात्र वाटतं, आपण हळूच बोललो...

गिरणीत विजेचे दिवे आल्यापासून ह्यांना घरी यायला चांगलाच अंधार होतो. छकुली तिन्हीसांजेला निजायची आणि नेमकी हे यायच्या सुमाराला टक्क जागी. मग रात्रभर रडणं... सकाळी भोंगा व्हायचा तेव्हा माझे डोळे चुरचुरत असायचे.

सोमवारपासून मला कामावर परत जायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला मिळाली असती. आमचं सूत गुंडाळायचं खातं. रात्रभर जागून यंत्रापुढे उभं राहिलं तर एखाद्या दिवशी बोटावरच बेतायचं. घोर लागला होता तो हा.

माझ्यामागे छकुलीला शेजारच्या आनशीमावशी बघणार होत्या. त्यांची सूनही गिरणीत, नातू त्यांच्यापाशीच असतो. शनिवारी त्यांनी माझ्या हातावर राईएवढी काळी गोळी ठेवली. "दुधातून दी गो. चेडू रात्रभर हालूचा नाय. सगळीच देतत."

अफूची गोळी होती ती... चाळीत खरंच बऱ्याच जणी देतात, कुणाला नावं ठेवायची? पण मावशींच्या नातवाला मी रोज बघते. नाकावर माशी बसली तरी त्याचा हात उठत नाही. मी गोळी पदराच्या गाठीत बांधली.

रात्री ह्यांना सांगितलं तर चेहरा एवढासा झाला. "माझ्या आवाजापायी पोरीक अफू?" म्हणाले, तेही ओरडूनच... आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. त्या क्षणापासून घरात बोलणं बंद.

मागावरची माणसं एकमेकांशी हातांच्या खुणांनी बोलतात. तीच भाषा आमच्या खोलीत सुरू झाली. फक्त आणखी भात हवा, याला काही खूण नव्हती, म्हणून ह्यांनी "कांडी संपली" अशी खूण केली. धोट्यातलं सूत संपलं की करतात ती! मी पण गिरणीतलीच, मुकाट्याने भात वाढला. पाळण्याच्या कड्यांना तेल घातलं, वहाणा दाराबाहेर ठेवल्या, मांजर हाकललं. बिचारे चवड्यांवर चालत होते, मला हसू येत होतं.

छकुलीवर परिणाम शून्य. उलट जास्तच रडली.

रविवारी तर कहर... गिरणी बंद, शेजारपाजारचे गडी बाहेर गेलेले, सगळं कसं शांत. आणि ही सकाळपासून घसा फोडून रडतेय. दुपारपर्यंत लालबुंद झाली, आवाज बसला. मला उद्याचा सोमवार दिसायला लागला. मी गाठ सोडली, वाटीत चमचाभर दूध घेतलं...

तेवढ्यात हे पाण्याची कळशी घेऊन दारात. खुणा बिणा सगळं विसरले. "अगो, काय करतंस!"

भिंत हादरली. छकुली गप्प.

"घाबरवलंत ना लेकराला!" मी म्हटलं. तर हे आणखी जोरात, "नाय गो, मी हळूच बोललंय!" छकुलीने ह्यांच्याकडे बघितलं, अंगठा तोंडात घातला आणि एक लांब जांभई दिली.

मग माझ्या डोक्यात विजेचा दिवा... नाही, आमच्या खोलीत चिमणीच असते, तीच पेटली म्हणा! आठवा महिना भरेपर्यंत मी यंत्रापुढे उभी होते. माझ्या पोटात तिनं ऐकलं काय, तर खडखडाट. चाळीच्या मागेच गिरणी, जन्मल्यापासूनही कानावर तेच. रात्री गिरणी थांबायची तेव्हा ती दचकून उठायची... आणि जरा वेळाने घरात शिरणाऱ्या ह्यांच्यावर आळ यायचा, आणि मी ह्यांनाच गप्प बसवायचे! पोर आवाजाला भीत नव्हती हो, शांततेला भीत होती.

हे पाळण्याशी बसले आणि मागावर धोटा कसा धावतो ते तिला सांगायला लागले, मोठमोठ्याने, मध्येच कळशीवर "खटाक-खट" वाजवत. डोळे मिटले तिचे. दूध मी मोरीत ओतलं आणि गोळी चुलीत टाकली. रात्री ह्यांनी पुन्हा तोच कारखाना चालवला आणि छकुली एकदम भोंग्यालाच उठली... मीसुद्धा!

सोमवारी कामावर जाताना आनशीमावशींना सगळं सांगितलं. त्या "खुळी गो तू" एवढंच म्हणाल्या. पण संध्याकाळी छकुलीला माझ्याकडे देताना दाराशी घुटमळल्या. नातवाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझ्या घोवाक सांग... बसता तेव्हा जरा आमच्या दाराकडे तोंड करून बस."

आता हे रोज दोन्ही दारांच्या मध्ये बसतात आणि घसा ताणून बोलतात. दोन रात्री मावशींचा नातू खूप रडला, मावशी त्याला खांद्यावर घेऊन फिरत राहिल्या, पण गोळी काही काढली नाही. काल त्याने नाकावरची माशी हाकलली. मी ह्यांना खुणेनं दाखवलं... आणि ह्यांच्या त्या दणदणीत आवाजाला पहिल्यांदाच कंप सुटला.