गीताची भरलेली बाटली

पाणी पी, पाणी पी, पाणी पी! दोन महिने आमच्या घरात दुसरं बोलणंच नव्हतं. डॉक्टरीणबाई तेच बोलल्या, माझा मुलगा निखिल तेच, सुनेची आई रोह्याहून फोनवर तेच, आणि मी तर काय, उठताबसता. माझ्या सुनेला, गीतांजलीला, लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. तेही वर्षात दुसऱ्यांदा. ताप, थंडी, ओटीपोटात कळा. डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. "पुन्हा झालं तर किडनीपर्यंत जाईल. एवढ्या शिकलेल्या मुली तुम्ही, साधं पाणी प्यायला काय होतं हो?" गीता नुसती हसली.

निखिलला फार काळजी. त्याने लगेच ऑनलाइन एक बाटली मागवली. ही एवढी थोरली, बाळाला धरावं तशी धरायची. वर रेघा मारलेल्या आणि वेळा छापलेल्या. नऊला इथपर्यंत प्या, अकराला इथपर्यंत, एक वाजता शाब्बास. ती बाटली रोज सकाळी भरून गीताबरोबर जायची आणि संध्याकाळी भरलेलीच परत यायची. आल्या आल्या ती बाल्कनीतल्या मोगऱ्याला ओतून टाकायची. मे महिन्याच्या त्या चिकचिकाटात आमचा मोगरा असा फोफावला, की वरच्या मजल्यावरची ईश्वरी विचारायला आली, "काकू, खत कुठलं घालता हो?"

तर सांगते, ही बाटली जायची कुठे. सीवूड्सला आमचं वन बीएचके. आमचे हे गेल्यापासून हॉल माझा. रात्री सोफा उलगडून झोपते, दिवसा तिथेच देव, तिथेच भाजी निवडणं, तिथेच बेल, कुरियर, कचरेवाली. आत एक बेडरूम, तिच्यात एक टेबल. आणि घरून काम करणारी माणसं दोन. निखिल एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटरचं काम बघतो. गीताच्या कंपनीने तर बेलापूरचा अख्खा मजला सोडून दिला आणि सगळ्यांना कळवलं, आता कुठूनही काम करा. कुठूनही! बोलायला काय जातं यांचं! कुठूनही म्हणजे नक्की कुठून, ते कोण सांगणार?

सुरुवातीला दोघांनी आलटून पालटून टेबल घ्यायचं ठरलं. मग निखिलचा क्लायंट कॉल आला. मग निखिलचा रिव्ह्यू आला. मग निखिलच्या साहेबाला मागचं कपाट दिसायला नको, म्हणून भिंतीला पांढरा पडदा लागला. पडदा लागला आणि खोली त्याची झाली. दार बंद. "आई, शिट्टी नको, कॉल चालू आहे." "आई, टीव्ही बारीक, कॉल चालू आहे." मी माझ्याच घरात चोरपावलांनी फिरायला लागले. गीताने एके दिवशी बॅग खांद्याला लावली आणि म्हणाली, "मी कॅफेत बसत जाईन आई. मला बरं वाटतं तिथे." निखिलने ते खरं मानलं. खरं मानलेलं त्याच्या सोयीचंच होतं ना.

आणि सोसायटीत केवढं कौतुक! "काकू, मज्जा आहे बुवा गीताची," ईश्वरी म्हणायची. "एसी, कॉफी, मागे गाणी. आमच्या नशिबी कुठलं!" मलाही वाटायचं, बरंय, पोरगी सुखात आहे.

आता ही गीता कोण, तेही ऐका, म्हणजे माझा राग कळेल. एसटीतल्या कंडक्टरची मुलगी. आवाज असा खणखणीत, की खालच्या गेटवरून हाक मारली तर आमच्या चौथ्या मजल्यावर ऐकू येते. न्हावा शेव्याला जहाजावर चढणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं ती बघते. हाताखाली सहा माणसं. कागदात एक आकडा इकडचा तिकडे झाला, की ट्रेलर बंदराच्या गेटवर अडतो, मागे रांग लागते, ड्रायव्हर आईबहिणीवरून सुरू होतात, आणि फोन वाजतो हिचा. ही शांतपणे म्हणते, "भाईसाब, गाडी साइड में लो, चिल्लाओ मत, काम हो रहा है." आणि होतंच काम! आमची लिफ्ट बंद पडली होती तेव्हा जनरल बॉडीत सेक्रेटरीला हिनेच उभं केलं. "तुमच्या आईंना चार मजले चढवून दाखवा, मग पुढची तारीख द्या." त्याच महिन्यात लिफ्ट सुरू झाली. कैरीला तिखटमीठ लावून घरभर खात हिंडते, माझ्या गुडघ्याला तेल लावताना मला ट्रेलरवाल्यांच्या नकला करून दाखवते. सगळ्या जगाशी भांडेल, पण स्वतःसाठी तोंड उघडायचं म्हटलं की हिची वाचा बसते.

त्या शुक्रवारी ती दुपारची गोळी घरी विसरली. फोन उचलेना. निखिलचा अर्थात कॉल चालू होता. मी पर्समध्ये गोळी टाकली आणि रिक्षा केली.

पाम बीच रोडच्या मागच्या अंगाला तो कॅफे. खाडी पाच मिनिटांवर, बाहेर खरे माड उन्हात उभे, आणि आत प्लास्टिकचे माड लावलेत! छताला दोरखंड काय, भिंतीवर होडीचं वल्हं काय. प्रत्येक टेबलावर एकेक लॅपटॉप आणि एकेक मान मोडलेलं माणूस. टेबलाटेबलावर पाटी, दोन तासांनी काहीतरी मागवावं लागेल म्हणून. एसीचं तोंड बरोबर गीताच्या डोक्यावर. ती ओढणी गुंडाळून बसली होती, कानाला हेडफोन, समोर थंडगार झालेली कॉफी आणि ती थोरली बाटली. काठोकाठ भरलेली.

मी गोळी पुढे केली. तिने एक घोट घेतला, अगदी गोळी ओली होण्यापुरता, आणि झाकण लावलं.

"अगं, पी की नीट!"

"नको आई. मग जावं लागतं."

"मग जा की. कुणी धरलंय?"

तेव्हा तिने हेडफोन काढला आणि सगळं सांगितलं. हसत हसत सांगितलं, तेच मला जास्त लागलं. त्या कॅफेला संडासच नाही. मागच्या जिन्याने खाली जायचं, पार्किंग ओलांडायचं, वॉचमनला शोधून चावी घ्यायची. लॅपटॉप कंपनीचा, तो टेबलावर टाकून जायची सोय नाही. चोरीला गेला तर नोकरीच गेली. बरं, सगळं बॅगेत भरून जावं, तर टेबल जातं. एकदा ती तशी गेली होती. परत येऊन बघते तर तिच्या टेबलावर चार पोरं केक कापत होती. तिकडे गेटवर ट्रेलर उभा. हिने जिन्यात उभं राहून, एका हातावर लॅपटॉप तोलून कागद सोडले. एक चुकला. साहेबाने सगळ्यांना दिसेल असा मेल टाकला. त्या दिवसापासून सकाळी घरून निघताना जायचं ते संध्याकाळी घरी येऊनच जायचं. मधे पाणी नाही. दुसरे कॅफे? सगळे बघून झाले होते तिचे. एकाच्या संडासाला कडी नाही, एकात शनिवारी लॅपटॉप चालत नाही, एकात प्लग बंद करून ठेवतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे मुतायची सोय नाही म्हणून तू दिवसभर पाणी पीत नाहीस?"

सगळा कॅफे आमच्याकडे बघायला लागला. बघू देत! वॉशरूम म्हटलं असतं तर एकानेही मान वर केली नसती.

"आई, हळू," गीता म्हणाली. "सवय झालीय मला."

"घरी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार? निखिलला कॉल असतात."

"आणि तुला काय भजनं असतात?"

ती पुन्हा हसायला गेली, पण या वेळी काही जमलं नाही. डोळे भरून आले. मी म्हटलं, "ऊठ. जा आधी. मी बसते इथे." बॅग, लॅपटॉप, फोन, सगळं तसंच टाकून ती गेली. गेली कसली, धावली.

मी तिच्या खुर्चीत बसले आणि मला आमचा बेल्ट आठवला. मी तुर्भ्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. बेल्ट थांबत नाही, म्हणून आमच्यात एक रिलीव्हर असायची. आपण हात वर केला की ती येऊन आपल्या जागी उभी राहायची, आपण जाऊन यायचं. ती काय मालकाने हौसेने नाही दिली. आम्ही बायकांनी भांडून घेतली. सुपरवायझरला तोंडावर सांगितलं होतं, रिलीव्हर नाही तर बेल्ट नाही. आणि ही आमच्यापुढे एवढी शिकलेली, सहा माणसांची साहेबीण, आणि हिला साधी रिलीव्हर नाही! काय सुधारलं मग जग? एसी लागला एवढंच ना?

लॅपटॉपवर एक मिशीवाला उगवला. "मॅडम, गेटपासचं काय झालं?" मी म्हटलं, "मॅडम येतायत. जरा दम धरा." बिचाऱ्याने मुकाट्याने दम धरला.

गीता आली ती तोंड धुऊन आली. बसली आणि अर्धी बाटली एका दमात प्यायली. मग बाटलीवरच्या रेघांकडे बघत म्हणाली, "आई, मी नोकरी सोडतेय. राजीनामा लिहून ठेवलाय. सोमवारी पाठवते. तिसऱ्यांदा आजारी पडायची माझी तयारी नाही."

मला धरणीकंप झाल्यासारखं वाटलं. या नोकरीसाठी पोरगी रोह्याहून एकटी आली होती. पाहुण्यांच्या घरी किचनमध्ये झोपून परीक्षा दिल्या होत्या. आणि आता ती सगळं सोडणार कशापायी? घरात संडास आहे, टेबल आहे, पण ते टेबल बंद दाराच्या आत आहे म्हणून!

"सोमवारी काही पाठवू नकोस," मी म्हटलं. "माझी शपथ आहे तुला."

रात्रीची वाट बघत बसले नाही मी. घरी आले, बेडरूमचं दार उघडलं. निखिल पलंगावर आडवा, पोटावर लॅपटॉप, स्वतःचा माइक बंद करून दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं ऐकत होता. मी सगळं सांगितलं. माझा मुलगा वाईट नाही हो. त्याचा चेहरा पडला. पण पहिलं वाक्य काय निघालं तोंडातून? "पण तिला तिथे आवडतं, तीच म्हणाली होती."

"हो ना? मग तू जा सोमवारपासून. तुलाही आवडेल."

"आई, तू काहीही काय! माझे क्लायंट..."

"तिच्या गेटवर ट्रेलर उभे असतात. तुझा क्लायंट गादीवर झोपून ऐकतोस तू."

त्याला झोंबलं ते. "ठीक आहे," म्हणाला. "जातो की. एक आठवडा जातो. त्यात काय एवढं? उगाच बाऊ करता तुम्ही दोघी." गीता आल्यावर त्याने तिलाही ऐटीत सांगितलं. राजीनामा मात्र तिने पुसला नव्हता, मी विचारलं होतं.

सोमवारी साहेब निघाले. नवीन हेडफोन, इस्त्रीचा शर्ट. मी ती थोरली बाटली काठोकाठ भरून त्याच्या हातात दिली. "ऊन फार आहे राजा. रेघेप्रमाणे पी हं." लहानपणापासून आईचं ऐकणारा मुलगा. हो म्हणाला.

गीता बेडरूममध्ये गेली, पण पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर टेकली. दार उघडंच ठेवलं होतं तिने. मी ते लोटून घेतलं. कुकर लावला नाही, टीव्ही लावला नाही. थोड्या वेळाने आतून तिचा तो खणखणीत आवाज आला, "भाईसाब, साइड में लो!" मग बाथरूमची कडी वाजली. तासाभराने पुन्हा वाजली. त्या कडीच्या आवाजाने एखाद्याला बरं वाटेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

जेमतेम एक वाजत होता आणि दाराची बेल वाजायला लागली. एकदा नाही, लागोपाठ. दार उघडलं तर निखिल. शर्ट घामाने भिजलेला, केस विस्कटलेले. मला बाजूला सारून बॅग सोफ्यावर फेकली आणि थेट बाथरूममध्ये. बॅगेबरोबर बाटली गडगडत माझ्या पायाशी आली. "शाब्बास"च्या रेघेपर्यंत रिकामी.

बाहेर आला तो तावातावाने. "आई, काय फालतू जागा आहे ती! तिथे टॉयलेटच नाही! पार्किंगमधून जायचं, तो वॉचमन जागेवर नाही, लॅपटॉप कुणाकडे ठेवायचा? बॅग भरून खाली गेलो, परत वर आलो तर माझं टेबल दुसऱ्याला दिलेलं! माणसाने करायचं काय? असं कसं कुणी काम करू शकतं? चालेल का हे? मी तक्रार करणार आहे!"

असा पोटतिडकीने बोलत होता, की जणू हा अन्याय जगात पहिल्यांदा त्याच्यावरच झाला होता. मी बाटली उचलली, पुसली, ओट्यावर ठेवली.

"आता मी बसू कुठे?" त्याने विचारलं.

"गीताला विचार," मी म्हटलं. "तिला सगळे कॅफे पाठ आहेत. पण आत्ता नको. आणि हळू बोल जरा, तिचा कॉल चालू आहे."