खुर्च्या संपेपर्यंत
आमच्या बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन जुनं लाकूड नवं केलं. आई गेल्यावर बाबांचं काय करायचं, हा प्रश्न थोरल्या भावाने एका वाक्यात निकालात काढला. "आमचं फर्निचर रंगवून होईपर्यंत माझ्याकडे, मग कायमचे तुझ्याकडे." मी लगेच हो म्हणालो. त्याच्याकडे फर्निचर बरंच होतं.

बाबांनी हे ऐकलं असणार. कारण दोन दिवसांत अख्खं कपाट हातावेगळं करणारा हा माणूस एका स्टुलाला आठवडा लावू लागला. खरवडायचं, भेगा बुजवायच्या, पॉलिश पेपरने घासायचं, रंगाचा एक हात द्यायचा. आणि वहिनी खरेदीला गेल्या की तो सुकलेला, चांगला हात पुन्हा घासून काढायचा! मी एकदा अचानक गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. "बुडबुडे आले होते," ते म्हणाले. एकही बुडबुडा नव्हता. मी कुणाला बोललो नाही. खोटं कशाला सांगू, मला हायसंच वाटलं.

पण एका दुपारी वहिनी लवकर परतल्या आणि म्हातारा रंगेहाथ सापडला, अगदी कोपरापर्यंत. त्यांनी ब्रश हिसकावून घेतला, उरलेल्या दोन खुर्च्या ओघळांसकट तासाभरात फासून टाकल्या आणि मला फोन केला. "भाऊजी, आमच्याच रंगाने आम्हालाच चुना लावत होते तुमचे वडील! काम संपलंय. उद्या घेऊन जा."

माझ्या बायकोने कपाळावर हात मारला. मी मात्र डोकं चालवलं.

सकाळी टेम्पो घेऊन गेलो. बाबा फाटकापाशी तयार उभे होते, दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. टेम्पो बघून हसले. "एवढी मोठी गाडी कशाला आणलीस? माझी ही एकच तर पिशवी."

"न्यायला नाही, बाबा. आमचं जेवणाचं टेबल आणलंय, चार खुर्च्यापण. तेवढं रंगवून द्या. इथे अंगण आहे, इथेच करा."

वहिनी लालबुंद झाल्या, पण शेजारी बघत होते, म्हणून गप्प बसल्या. हमालांनी टेबल उतरवलं. बाबांनी त्यावरून नख फिरवलं.

"अरे, याला सनमायका आहे. यावर रंग धरत नाही."

"धरेल हो," मी टेम्पोवाल्याकडे बघत म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"आधी सगळा सनमायका खरवडून काढावा लागेल," ते म्हणाले. "खूप दिवस लागतील. चालतील ना तुम्हा दोघा भावांना?"