आक्काच्या बायका

"आक्काशिवाय कसल्या आक्काच्या बायका?" असं त्या श्रावणात मला निम्म्या कॉलनीनं विचारलं. विचारणाऱ्यांत एकीलाही धड झिम्मा येत नव्हता, हे आधी सांगून टाकते.

नव्वदचं दशक सुरू होताना आम्ही कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांत राहायला आलो. आमच्या ओळीतले बहुतेक पुरुष वाशीच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात माथाडी. बायका साताऱ्याकडच्या, कोणी पाटणची, कोणी कोरेगावची. रस्ते कागदावर होते, नळ होते पण त्यांना पाणी नव्हतं. शेजारच्या बोनकोडे गावात एका घरामागे विहीर होती, पहिली दोन वर्षं आम्ही तिथनं पाणी आणलं. मी घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली. त्यामुळे कोणाच्या घरी गहू आहे, कोणाच्या घरी ज्वारीवर भागतंय आणि कोण कोणाशी बोलत नाही, हे मला न विचारता कळायचं.

आक्का आमच्या ओळीतली सगळ्यात थोरली. तिचा नवरा बाजारात टोळीचा मुकादम. माथाडींचं काम टोळीनं चालतं आणि टोळी मुकादमाच्या शब्दावर. आमच्या घरचे पुरुष त्याच्या टोळीत, म्हणून आम्ही आक्काच्या. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण तसं होतं. गौरीच्या दिवसांत आक्कानं आम्हाला गोळा केलं, फेर धरायला लावला, झिम्मा-फुगडी बसवली. पुढे वाशीला, नेरूळला मंडपांतून बोलावणी यायला लागली. लोक म्हणायचे, "आक्काच्या बायका आल्या." मंडळाला दुसरं नाव आम्ही कधी ठेवलंच नाही.

खेळापेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. ज्या सासवा सुनेला एकटीला बसस्टॉपपर्यंत सोडत नव्हत्या, त्या तिला आक्काबरोबर वाशीला सोडायच्या. "आक्का हाय न्हवं? मग जा." नवरे तर बोलायचेच नाहीत. मुकादमाच्या बायकोला नाही कोण म्हणणार? वर्षातले ते चार-सहा दिवस आमच्या बायका घराबाहेर पडायच्या त्या आक्काच्या नावावर. गाणं, ताल, पाय हे सगळं नंतरचं.

गाणी आक्काच रचायची. एक सगळ्यांना आवडायचं:

वाशीच्या बाजारी कांद्याची गोणी,
धन्यानं उचलली, माझ्या डोळ्याला पाणी.

यातल्या 'पाणी'नंतर आमची एक खास गोष्ट होती. झिम्म्यात समोरासमोर उभं राहून एकमेकींच्या हातावर टाळी द्यायची असते. 'पाणी'नंतरची टाळी मात्र आम्ही द्यायचोच नाही. हात वर जायचे, एकमेकींच्या जवळून निघायचे, लागायचे नाहीत. मग पुढची ओळ. आम्ही तिला रिकामी टाळी म्हणायचो. नेरूळच्या एका मंडपात परीक्षक बाईंनी माइकवरून सांगितलं की घाटावरची ही जुनी परंपरा या भगिनींनी जपली आहे. आक्का मान खाली घालून उभी राहिली. ती का हसत नाही हे फक्त मला माहीत होतं, कारण झिम्म्यात तिच्यासमोर मी असायचे. तिला दमा होता. 'पाणी' म्हणून झालं की तिला खोकला यायचा, तो दाबण्यासाठी ती एक टाळी सोडायची. ताल चुकू नये म्हणून मी पण सोडायला लागले आणि माझं बघून बाकीच्या. परंपरा म्हणतात ती एवढीच.

मग मुकादम निवृत्त झाले. मुलानं नेरूळला लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला आणि आक्का गेली. जाताना ओळीतल्या सगळ्यांना बोलावून म्हणाली, "आता खेळ बंद. मी न्हाई तर तुमच्याकडं बघायला कोण हाय?" आम्ही मुकाट्यानं ऐकलं. दोन गौरी आल्या आणि जेवून गेल्या. घरोघर पुरणपोळ्या झाल्या, फेर काही झाला नाही.

तिसऱ्या वर्षी कोपऱ्यावरच्या घरातली सून दळण घेऊन आली. वय जेमतेम वीस-बावीस. पूर्वी ती आमच्यात फुगडी घालायची. दोघी-तिघी बदलल्या तरी ही फिरतच राहायची. डबा ठेवून ती गेली नाही.

"काकू, वाशीला गौरीच्या खेळांची स्पर्धा हाय."

"मग?"

"आपण जाऊया की."

"सासूला विचारलंस?"

"त्या म्हनल्या आक्का असंल तर जा. न्हाईतर उंबरा ओलांडायचा न्हाई." जरा थांबून म्हणाली, "काकू, दोन वर्षांत मी गिरणी आन् घर ह्याच्या पलीकडं गेले न्हाई. तुमच्या मोटारीचा आवाज ऐकाया मिळतो, तेवढीच जत्रा."

ती रडली असती तर मी तिला पाणी देऊन परत पाठवलं असतं. ती हसत बोलली, म्हणून मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून मी नेरूळला गेले.

आक्का चौथ्या मजल्यावर. कपबशीत चहा, सोफ्यावर प्लास्टिक. ती बारीक झाली होती, पण बसणं तेच, गुडघ्यावर हात ठेवून, मुकादमासारखं.

"काय गं गिरणीवाली, वाट चुकलीस?"

मी सरळ विषय काढला. स्पर्धा आहे, तुम्ही या, नुसत्या उभ्या राहा, गाणं आम्ही म्हणतो.

"माझा पोरगा न्हाई म्हनतो. सोसायटीत बरं दिसत न्हाई म्हनं. आन् छातीबी साथ दीत न्हाई."

"मग आम्ही तुमच्याशिवाय जातो."

तिनं बशी खाली ठेवली. "माझ्याबिगर ते तसलं न्हाई व्हायचं."

"नसू दे तसलं."

"मग माझं नाव लावू नगा. आक्काच्या बायका म्हनून मिरवायचं आन् आक्का घरात. लोक हसत्याल."

"आक्का," मी म्हटलं, "नाव तुमचं आहे, कबूल. बायका तुमच्या नाहीत. त्यांची त्यांना घरं आहेत, सासवा आहेत. तुमच्या नावाशिवाय त्यांना कोणी सोडत नाही. नाव तुम्ही इथं लिफ्टच्या वर घेऊन बसलात."

तिनं माझी कपबशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "जीभ लई चालाय लागली तुझी. चहा निवला, पी." हो म्हणाली नाही, नको हेही परत म्हणाली नाही. मी चहा पिऊन निघाले. एवढं मला पुरेसं होतं.

आता आवाज हवा होता. आमच्यात पुढे होऊन गाणारी कोणी नव्हती, कारण आक्का असताना कोणाला गरजच पडली नव्हती. मला आठवली बोनकोड्याची ती विहीरवाली. आगरी बाई, शेत नव्या शहरासाठी सरकारनं घेतलं, त्या पैशांत घर वाढवून भाडेकरू ठेवलेले. दर वर्षी आमच्या तालमी ती कुंपणाला टेकून बघायची आणि आमच्यापेक्षा मोठ्यानं गुणगुणायची. मी तिला बोलावलं. ती चप्पल काढून थेट फेरात येऊन उभी राहिली.

दुपारी लाइट गेली की गिरणी बंद, अंगण मोकळं. तीच तालमीची वेळ. तिनं सुरुवात केली, "वाशीच्या बाजारी कांद्याची गोनी..." आवाज असा की पलीकडच्या ओळीतली दारं उघडली. पण आमच्यातली एक फणकारली, "गोणी म्हणा, गोणी. पानी काय, पाणी."

विहीरवालीनं कमरेवर हात ठेवले. "दोन वरसं माझ्या बावीचं पानी प्यालात ना गो? तवा नाय विचारलात पानी हाय का पाणी हाय?"

सगळ्या हसल्या, फणकारणारी पण. ती 'गोनी' आणि 'पानी' शेवटपर्यंत तशीच राहिली.

खरी अडचण पुढे आली. 'पानी' झालं आणि विहीरवालीनं समोरचीच्या हातावर फाडकन टाळी मारली. समोरचीचा हात रिकाम्या टाळीला वर गेलेला, ती टाळी बसली मनगटावर. बांगडी फुटली.

"ही कंची टाली? हात मारायचा का चुकवायचा?"

"आमची परंपरा आहे," एक म्हणाली.

मग मी सांगितलं. खोकला, दमा, सगळं. एकीचा तर समज होता की ती टाळी गौरीसाठी सोडतात, देवाचा वाटा म्हणून. "म्हणजे इतकी वर्षं आपण आक्काचा खोकला नाचतोय?" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत खाली बसली.

कोणी म्हणालं, आक्का नाही, खोकला नाही, मग टाळी कशाला, भरून टाकू. भरून बघितली. पाय घोटाळले. दळणाचा डबा ठेवायच्या निमित्तानं आलेली कोपऱ्यावरची सून डावीकडे, बाकीच्या उजवीकडे. पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. आमच्या अंगात ती रिकामी जागा इतकी बसली होती की भरली की आम्ही पडत होतो. शेवटी विहीरवाली वैतागली. "ठेवा ती तशीच. खोकला तिचा होता, टाली तुमची हाय. मी शिकते." आणि शिकली. आमच्याहून नीट शिकली, कारण तिला ते मुद्दाम करावं लागत होतं.

राहिली कोपऱ्यावरची सासू. सून येणार नसेल तर मला त्या स्पर्धेशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्यासाठीच तर हा सगळा उद्योग. मी गेले तेव्हा म्हातारी उंबऱ्यात लसूण सोलत होती. तिनं आमचा खेळ कधी बघितलेला नव्हता. तिचा विश्वास खेळावर नव्हता, आक्कावर होता.

"आक्का येनार हाय?"

"नाही."

"मग ती मंडळी ती न्हाई. माझी सून जायची न्हाई."

"मावशी, मुकादम निवृत्त झाले, तेव्हा टोळी मोडली का?"

"टोळी कशाला मोडंल?"

"तुमचा मुलगा अजून त्याच टोळीत आहे ना? तोच बाजार, तेच गाळे, त्याच गोण्या. की मुकादम गेला म्हणून व्यापारी म्हणाला, ही टोळी ती नाही, हिला गाळ्यात घेणार नाही?"

म्हातारीनं लसणाची पाकळी माझ्याकडे रोखली. "तिथं नवा मुकादम हाय. तुमचा कोन?"

मी हे ठरवून गेले नव्हते. "मी," म्हटलं.

"तू? आगं, पीठ जाड काढतीस तू. माझ्या भाकरीला चिरा जात्यात. आन् मुकादम?"

"पीठ बारीक काढीन. सून सोडा."

तिनं सोललेल्या पाकळ्या ताटात टाकल्या. मग म्हणाली, "मी बी येनार. पुढच्या खुर्चीत बसनार. काय उलटसुलट दिसलं तर तितनंच घिऊन येनार तिला."

वाशीच्या हॉलमध्ये गर्दी होती. नऊवारी सावरत आम्ही स्टेजच्या बाजूला उभ्या. निवेदक तरुण होता, अंगात सूट, गळ्यात माइकची वायर.

"आता येताहेत आक्काच्या बायका!" तो म्हणाला आणि आमच्याकडे वळला. "यातल्या आक्का कोण बरं? आधी आक्कांचा सत्कार करूया."

मला वाटलं, आता कोणीतरी गडबडणार. विहीरवालीनं मला कोपरानं ढोसलं. मी पुढे होऊन माइकजवळ वाकले.

"आक्का नाहीत. बायका आहोत."

हॉल हसला. हसू दे. शाल-नारळ तसाच तबकात राहिला आणि आम्ही फेर धरला. कांद्याची गोनी आली, डोळ्याला पानी आलं आणि मग ती टाळी, हात वर, एकही न लागता. कोपऱ्यावरची सून शेवटी अशी फुगडी फिरली की जोडीला असलेल्या विहीरवालीला पुढे दोन दिवस मान वळवता आली नाही.

नंबर आला नाही. बक्षीस समारंभानंतर एक ओळखीची बाई भेटली, म्हणाली, "छान झालं हो, पण आक्का असतानाची मजा नाही." मी म्हटलं, "नाहीच." तिला वाटलं मी वाईट वाटून घेतलंय आणि ती माझी समजूत घालायला लागली. वेळ नव्हता, बस पकडायची होती. पण मला वाईट वाटण्यासारखं काय होतं? ती मजा हवी तर ती नेरूळला चौथ्या मजल्यावर बसली होती, तिला यायचं नव्हतं. आम्हाला यायचं होतं. जी येते ती मंडळी, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. तेच का, तसंच का, हे प्रश्न खुर्चीत बसणाऱ्यांचे. फेरातल्या बाईला एवढंच बघायचं असतं की शेजारचा हात आहे की नाही.

बसमध्ये म्हातारी खिडकीपाशी, सून तिच्या शेजारी, मी पुढच्या सीटवर. वाशीपासून म्हातारी एक शब्द बोलली नव्हती. सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आमचा स्टॉप जवळ आला तशी म्हातारीनं माझ्या खांद्यावर टकटक केलं.

"गिरणीवाली."

"काय मावशी?"

"फुडल्या वर्षी एक ध्यानात ठेव. ते डोळ्याला पाणी म्हनतासा न्हवं, त्याच्या फुडची टाळी समद्यांची चुकती. एकीचाबी हात लागला न्हाई. मुकादम हाईस तर तेवढी बसवून घे."

सुनेनं तोंड खिडकीकडे फिरवलं, तिचे खांदे हलत होते. मी म्हटलं, "बसवते," आणि उतरायला उठले.