बाळंतिणीसाठी शेपू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायचं थोडकंच आहे—पण सरळ तिथे जाता येत नाही, म्हणून जरा आधीपासून सांगतो.

कुंभारीजवळ माझी चार एकर पेरूची बाग आहे. मी नोकरीमुळे सोलापुरात. बाग शरणप्पा आणि त्याची बायको महादेवी वाट्यानं करतात. झाडांच्या ओळींमध्ये ते मेथी, पालक, शेपू लावतात. ती भाजी सगळी त्यांची—असं मीच ठरवून दिलं. तेव्हा स्वतःचं मन फार मोठं वाटलं होतं.

सहा वर्षांपूर्वी विहीर आटली आणि मी नाल्यावर मोटर बसवली. नाल्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचे कारखाने. शरणप्पा ओंजळ नाकाशी नेऊन म्हणाला, "आण्णा, ह्या पान्याला वास हाय. जमिनीला नगं."

मी काय केलं? पाणी तपासून आणलं. सामू ठीक, क्षार ठीक. तो कागद त्याच्यापुढे धरून एकेक आकडा वाचला. वर म्हणालो, "नाकानं शेती होत नाही, शरणप्पा."

तो हसला. "मला कुटं वाचाया येतंय? तुमी म्हनताय तर आसंल की."

त्या तपासणीत धातू बघतच नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. इथपर्यंत ती चूक होती. नुसती चूक.

तीन वर्षांपूर्वी बाहेरदेशी माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्यानं मातीचा पूर्ण अहवाल मागितला. मी नियमाप्रमाणे नऊ ठिकाणची माती घेतली, सावलीत वाळवली, पाठवली. शिसं मर्यादेच्या वर. कॅडमियमही. खाली शेरा—पालेभाज्या घेऊ नयेत. अहवाल दोनदा वाचला आणि विम्याच्या कागदांखाली ठेवला. नाल्यावरची मोटर काढली. शरणप्पाला सांगितलं, जळाली. बोअर पाडलं. पाणी बदललं—पण माती?

का नाही बोललो? जमिनीचा भाव पडेल म्हणून? तेवढं कारण असतं तर बरं झालं असतं. ज्याला अक्षर येत नाही त्याचं नाक बरोबर होतं आणि माझा कागद अपुरा—हे तोंडातून निघेना. एवढंच.

आणि मी स्वतः? दर हंगामात पहिल्या खुडणीच्या पाच जुड्या महादेवी आमच्या घरासाठी बांधून देते. मी त्या घेतो. अक्कलकोट रोडवरच्या कचराकुंडीत टाकतो आणि मंडईतून दुसऱ्या विकत घेऊन घरी जातो. मोजून पाच.

या वर्षी त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. पंधराएक दिवसांनी मी बागेत गेलो, तर महादेवी पेरूच्या सावलीत बसून शेपू खुडत होती.

"बाळंतिणीला लागतंय की, आण्णा. रोज देते. दूध लई येतंय बगा."

ती माझ्याकडे बघत थांबली.

मी म्हणालो, "चांगलं असतं."

जीभ अडखळलीसुद्धा नाही. त्या घरात माझा शब्द शिक्क्यासारखा चालतो, हे मला माहीत होतं. महादेवीनं मान हलवली आणि आणखी मूठभर खुडला.

बाळ आता चार महिन्यांचं आहे. आईच्या दुधावरच आहे. मी अजून सांगितलेलं नाही.