पत्र्याच्या डब्यातलं वायफाय

दर रविवारी तुम्ही नातवंडं स्क्रीनवर येता. गेल्या महिन्यापासून बोलता बोलता तुमची तोंडं गोठायला लागली. तेव्हा थोरलीने सुचवलेलं स्कॅनिंगचं अ‍ॅप मी फोनवर घेतलं. आपल्या वायफायवर काय काय जोडलेलं आहे ते त्यात दिसतं. टीव्ही, माझा फोन, आजोबांचा टॅब ओळखले. एक फोन आपल्या घरातला नव्हता.

मग लक्षात आलं. शेजारच्या आपांना पासवर्ड मीच दिला होता. दुपारी त्या आपल्याकडे पडवीत बसून कुवेतमधल्या मुलाशी बोलतात. सगळं नेट त्याच ओढतात असं मी ठरवून टाकलं आणि पासवर्ड बदलला. त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दुपारी त्यांनी फोन दोनदा बंद करून लावला. "बाई, नेट गेला काय?"

"हो, गेलंय."

"मंग तुमच्या पोरांशी बोलायचा कसा?"

"बघू," म्हणून मी आत गेले.

रविवारी तुम्ही पुन्हा गोठलात. त्याच अ‍ॅपमध्ये सिग्नल किती ते बघत मी घरभर फिरले. सगळीकडे कमी, राउटरच्या शेजारीही कमी. इथल्या खाऱ्या हवेत कात्रीसुद्धा गंजते. म्हणून गेल्या महिन्यात आणलेला नवा राउटर मी पापडांसारखा पत्र्याच्या डब्यात ठेवला होता, वायरीपुरतं भोक पाडून. झाकण काढलं, सिग्नल भरला. लावलं, पडला. आणि मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं.

डबा मांडीवर असतानाच आपा आल्या, हातात फोन. "रिचार्ज मारलाय. माझ्या फोनवरनं बोला. रविवार हाय ना, पोरं वाट बघत असतील."

नेट आत्ताच आलं, असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"नेट गेलंच नव्हतं, आपा. मी पासवर्ड बदलला."

"माझ्यामुळं?"

"हो."

आपांनी पुढे केलेला फोन खाली घेतला. "सांगायचा होता. मी लावला नसता." मग म्हणाल्या, "पोरांना लावा आधी."

त्या दिवशी मी तुमच्याशी नीट बोलले नाही, ते यामुळे. नवा पासवर्ड मी स्वतः त्यांच्या फोनवर घातला. त्या अजूनही दुपारी पडवीत येऊन बसतात. फक्त मुलाला फोन लावण्याआधी आत डोकावून विचारतात, "लावू ना, बाई?"

पूर्वी विचारत नसत.