काटदरे सरांचा शब्द

जेवणं आटोपून सुलभाताई जरा आडव्या होतात. झोपायचं मुळीच मनात नाही. पाच वाजता जावई यायचाय, मृदुलाला न्यायला. त्यानं हात उगारला म्हणून पोर माहेरी आली, आणि सुलभाताईंनी तिला सकाळपासून एकच लावून धरलंय, अ‍ॅडजस्ट कर. ओटीचे तांदूळ-नारळही ताटात काढून ठेवलेत.

डोळा लागतो न लागतो तोच पलंग हादरायला लागतो. ही तर कऱ्हाड-पाटण गाडी. शेजारी खिडकीपाशी काटदरे सर, सुलभाताईंचे यजमान. जाऊन वर्षं झाली, पण शर्टाची इस्त्री मोडलेली नाही.

सुलभाताई आधी त्यांचे पाय बघतात. सरळच आहेत, तरी खात्री पटत नाही. गेलेल्या माणसानं बोलावलं तर जाऊ नये आणि दिलं तर घेऊ नये, एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे. सर तपकिरीची डबी पुढे करतात. त्या हात पदराखाली घेतात.

"कशाला आलात?"

"सहज."

"सहज तुम्ही कधी बाजारातसुद्धा गेला नाहीत. जावयानं पाठवलंय ना?"

सर हसतात. आता समोर फळा आहे आणि खिडक्यांतून शाळेचं पटांगण दिसतंय. गाडी मात्र चालूच.

"अ‍ॅडजस्ट," सर म्हणतात. "जन्मभर शिकवलं, जुळवून घेणं. पाठवणीला मृदुलालाही तेच सांगितलं."

"आणि मीही तेच सांगतेय. मग आता काय बिघडलं?"

"इथं वेळच वेळ आहे. मूळ शोधत बसलो. लॅटिनमध्ये 'जवळ' अशा अर्थाचा शब्द आहे, त्यावरून आलाय. जवळ आणणं, एवढंच. योग्य, बरोबर, नीट बसवणं, ते सगळं मागाहून चिकटलं."

सुलभाताईंच्या मनात पाल चुकचुकते. हा माणूस गोड बोलून पोरीला परत धाडायला निघालाय.

"म्हणजे तिनंच जायचं ना त्याच्याजवळ?"

"कुणी कुणाकडे सरकायचं, ते शब्दात नाही गं. ते आपण घातलं. मागं बघ."

मागं मृदुला उभी आहे, दांडीला धरून. सगळी बाकं भरलेली. सुलभाताई सरकतात, आणखी सरकतात, पण जागा काही होत नाही. त्यांना रडू येतं. तेव्हा सर उठतात. चहाचा कपसुद्धा कधी स्वतः न उचललेला हा माणूस उठतो आणि म्हणतो, "बस, बाळा."

मग पुन्हा डबी पुढे करतात. या खेपेला सुलभाताई चिमूट घेतात.

शिंकेनंच जाग येते. एकामागून एक शिंका. मृदुला धावत येते.

"आई, नाकाला काय लागलंय? तपकीर? बाबांनंतर आपल्या घरात तपकीर कुठली?"

सुलभाताई बोटं हुंगतात. पुन्हा हुंगतात. वास सरांच्या डबीतलाच.

दारावरची बेल वाजते. मृदुला निमूटपणे बॅग उचलते. सुलभाताई ती तिच्या हातातून काढून घेतात आणि पलंगाखाली सरकवतात.

"तू आत बस. त्यांच्याशी मी बोलते."